चरणाऱ्या गाईचे दूध आणि आईचा पेला

वृद्धांच्या तोंडी दुधाविषयीची एक तक्रार घरोघरी ऐकू येते. आताच्या दुधाला पूर्वीची चव नाही, सायीला पूर्वीचा रंग नाही आणि तुपाला पूर्वीचा वास नाही, अशी ती तक्रार असते. घरातील तरुण मंडळी तिच्याकडे गतकाळाविषयीची हळहळ म्हणून पाहतात आणि तिला फारसे महत्त्व देत नाहीत. मात्र ‘मुक्त चराईच्या गाईचे दूध’ अशी अक्षरे छापलेली काचेची बाटली दुपटीहून अधिक दराने दारात येऊ लागली, की तीच मंडळी या तक्रारीवर पूर्ण विश्वास ठेवतात. या दोन टोकांच्या मध्ये सत्य नेमके कोठे आहे, हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्या घरात निव्वळ कुतूहलाचा राहिला नाही. तो माझ्या ८४ वर्षांच्या आईच्या प्रकृतीचा प्रश्न झाला.

माझी सारी नोकरी दुधाच्या प्रयोगशाळेत गेली. पहाटे गावोगावचे दूध यायचे, त्याचे फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ मोजायचे, त्यावर शेतकऱ्याचा दर ठरायचा. आईचे माहेर अकोले तालुक्यातले, सह्याद्रीच्या कुशीतले. तिच्या वडिलांकडे डांगी गाई होत्या. पावसाचे चार महिने त्या डोंगरउतारावर चरायच्या आणि त्यांना वळायला लहानपणी आईच जायची. दूध मी मोजले, आईने ते जगले, असे म्हणता येईल.

गेल्या पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे अंथरुणावर गेले. ती बरी झाली, पण ५१ किलोंचे वजन ४६ वर आले आणि खुर्चीतून उठताना तिला हाताचा आधार लागू लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की या वयात आजारपणात स्नायू झपाट्याने झडतात. ते परत मिळवायचे तर पुरेशी प्रथिने आणि थोडा व्यायाम यांना पर्याय नाही. आई माळकरी, त्यामुळे अंडी-मासे घरात कधी आलेच नाहीत. डाळी-उसळी तिला जास्त सोसत नाहीत. उरला मार्ग दुधाचा. आणि नेमके दूधच ती अर्ध्यावर ठेवू लागली. ‘ह्याला काय दूध म्हणायचं? पांढरं पाणी नुसतं,’ असे म्हणून ती पेला बाजूला सारायची.

नाशिकच्या ताईने मार्ग सुचवला. चराईच्या देशी गाईंचे दूध घरपोच देणारा एक व्यावसायिक तिने शोधून काढला. दर चढा होता. दिवसा आईजवळ थांबणाऱ्या मावशींचा पगार, औषधे आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे शुल्क हे सारे माझ्या निवृत्तिवेतनातून जात होते. हे दूध लावले, तर यांपैकी काही तरी कमी करावे लागणार होते. मी तसे म्हणताच ताई म्हणाली, ‘अरे, आईचे किती दिवस राहिलेत? तिच्या दुधात कसला हिशोब करतोस?’ तिच्या बोलण्यातली माया मला समजत होती. पण हिशोब पैशांपुरता नव्हता. कोणत्या खर्चाने आईच्या पायांत बळ येईल, हे ठरवायचे होते. त्यासाठी चराईने दुधात काय बदलते आणि काय बदलत नाही, हे एकदा नीट मांडणे आवश्यक होते. तीच मांडणी येथे वाचकांपुढे ठेवतो.

रंग कोठून येतो

प्रथम रंगाविषयी. हिरव्या गवतात बीटा-कॅरोटिन नावाचे पिवळे-केशरी रंगद्रव्य भरपूर असते. पानांच्या हिरव्या रंगाखाली ते झाकलेले असते. गाय हे द्रव्य खाते, त्यातील काही भागाचे अ जीवनसत्त्व बनवते आणि उरलेले जसेच्या तसे दुधाच्या स्निग्धांशात उतरवते. म्हणून गाईचे लोणी पिवळसर दिसते. म्हैस आणि शेळी यांच्या शरीरात जवळजवळ सर्व कॅरोटिनचे अ जीवनसत्त्वात रूपांतर होते, म्हणून त्यांचे लोणी पांढरे असते. म्हशीचे पांढरे लोणी निकृष्ट आणि गाईचे पिवळे श्रेष्ठ, असा अर्थ यातून काढू नये. एकीने रंग तसाच दिला, दुसरीने त्याचे जीवनसत्त्व करून दिले, इतकाच हा भेद आहे.

गवत कापून उन्हात वाळवले, की त्यातील बहुतेक कॅरोटिन नष्ट होते. म्हणून वैशाखात कडबा आणि पेंड खाणाऱ्या गाईचे लोणी फिकट असते आणि श्रावण-भाद्रपदात हिरवे खाणाऱ्या त्याच गाईचे लोणी पिवळेधमक होते. आईला आठवणारा रंग हा असा ऋतूचा रंग होता. वर्षभर तो तसाच असे, ही स्मृतीने घातलेली भर असावी. पण पावसाळ्यातला रंग खरा होता, यात शंका नाही.

कोटीपोटातील रसायन

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही. तो स्निग्धांशाच्या घडणीत होतो. ताज्या गवतात स्निग्ध पदार्थ थोडेच असतात, पण जे असतात त्यांत निम्म्याहून अधिक वाटा एका ओमेगा-३ मेदाम्लाचा असतो. जवसाच्या तेलात प्रामुख्याने असते तेच हे मेदाम्ल. गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याला, म्हणजे कोटीपोटाला, असंख्य सूक्ष्मजीवांची भट्टीच म्हणावे लागेल. गाय रवंथ करत असता हे सूक्ष्मजीव गवतातील मेदाम्लांचे रूप पालटतात. बहुतांश ओमेगा-३ तेथेच संपते. थोडे निसटून दुधात येते. या रूपांतराच्या मधल्या टप्प्यावर जे पदार्थ तयार होतात, त्यांतील एकापासून गाईच्या कासेत ‘सीएलए’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे मेदाम्ल बनते. चराईच्या दुधाच्या जाहिरातींत या सीएलएचा उल्लेख हटकून आढळतो.

हा फरक मोजला गेला आहे. आयर्लंड हा गवताचा देश. तेथील कॉर्क परगण्यात मूरपार्क येथे टीगास्क या शासकीय कृषिसंस्थेचे दुग्धसंशोधन केंद्र आहे. तेथे ५४ गाईंचे तीन गट केले गेले : एक गोठ्यात मुरघास आणि खुराकावर ठेवलेला, दुसरा गवताच्या कुरणात चरणारा आणि तिसरा गवताबरोबर पांढरे क्लोव्हर असलेल्या कुरणात चरणारा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चरणाऱ्या गाईंच्या दुधात सीएलए गोठ्यातील गाईंच्या दुपटीहून अधिक होते. स्निग्धांश आणि प्रथिनेही थोडी अधिक आढळली. अमेरिकेत तीन वर्षे गोळा केलेल्या हजाराहून अधिक नमुन्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ गवत-वैरणीवर पोसलेल्या गाईंच्या १०० ग्रॅम दुधात ओमेगा-३ मेदाम्ले सुमारे ०.०५ ग्रॅम, तर नेहमीच्या गोठ्यातील दुधात ०.०२ ग्रॅम आढळली. म्हणजे प्रमाण जवळजवळ अडीचपट.

‘अडीचपट’ हा शब्द मोठा आहे. पण तो ०.०२ या लहान संख्येच्या पटीत आहे, हे विसरू नये. अर्धा लिटर दूध रोज घेतले, तर दोन्ही दुधांतील फरक सुमारे ०.१५ ग्रॅम येतो. चहाचा एक चमचा जवसाच्या पुडीत याच जातीचे मेदाम्ल साधारण अर्धा ग्रॅम मिळते. आपल्या आज्या-पणज्यांनी जवसाची चटणी ताटात डावीकडे ठेवली, ती मेदाम्लांची नावे माहीत नसताना! सीएलएविषयी सांगायचे, तर प्रयोगशाळेतील प्राण्यांवर त्याचे परिणाम उत्साहवर्धक दिसले. माणसांत, दुधातून मिळणाऱ्या अल्प मात्रेने, तसेच घडते असा ठाम पुरावा नाही.

आपल्या मातीतील चराई

हे झाले परदेशी कुरणांचे. आपल्याकडे गवत पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते. मृगानंतर हरळी, मारवेल फुटतात. दिवाळी उलटली की कुसळी गवत टोचू लागते आणि माळ पिवळा पडतो. नंतर गाईच्या गव्हाणीत ज्वारीचा कडबा, उसाचे वाढे, मका, मुरघास आणि सरकीची पेंड येते. म्हणून महाराष्ट्रात ‘बारमाही चराईचे दूध’ असे कोणी म्हटले, तर चैत्रात गाय काय चरते, हे विचारणे योग्य ठरेल. कोरडे गवत चरणारी गाय मोकळी असते, चालते-फिरते, तिच्या सुखासाठी ते चांगलेच; पण तिच्या दुधात श्रावणातले कॅरोटिन येत नाही.

उलट, गोठ्यात बांधलेल्या गाईला कापून आणलेली ताजी हिरवी वैरण, लसूणघास किंवा हत्तीघास भरपूर मिळाला, तर तिचे दूध चरणाऱ्या गाईच्या दुधाच्या बरेच जवळ जाते. दुधाचा रंग आणि मेदाम्ले प्रामुख्याने पोटात काय गेले यावर ठरतात. ते गाईने स्वतः चरून खाल्ले, की गव्हाणीत उभे राहून, याचा त्याच्याशी संबंध कमी. आपल्या वैद्यकपरंपरेलाही चाऱ्याचे महत्त्व अपरिचित नव्हते. भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या १६ व्या शतकातील ग्रंथात जनावराच्या खाद्यानुसार दुधाचे गुण वेगळे सांगितले आहेत.

नोकरीत एक गोष्ट मी दरवर्षी पाहिली. आषाढात कोवळे गवत फुटले, की गाईच्या दुधाचे फॅट उतरायचे आणि शेतकरी केंद्रावर येऊन कळवळून सांगायचे, ‘साहेब, गाय हिरवं खातेय, तरी फॅट लागत नाही.’ त्यामागचे कारण साधे आहे. दुधातील स्निग्धांशाचा मोठा भाग चाऱ्यातील तंतूंपासून बनतो. कोवळ्या, पाणीदार गवतात तंतू कमी असतात, म्हणून फॅट घटते. त्याबरोबर मूठभर कडबा दिला, की ते सावरते. दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर. गाईच्या दुधाचा आधारभूत दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो. रंग, वास, ओमेगा-३ यांचा रकाना त्या नोंदवहीत नसतो. त्यामुळे डोंगरावर गाय चारणाऱ्याला त्या गवताचा वेगळा मोबदला मिळत नाही. उलट आषाढात दोन रुपये कमीच मिळतात.

पुढे हे दूध शेकडो गावांच्या दुधात मिसळते. डोंगरावरच्या गाईचे, गोठ्यातल्या संकरित गाईचे आणि अनेकदा म्हशीचेही दूध एकत्र येऊन त्याचा स्निग्धांश ठरलेल्या प्रमाणात आणला जातो. टोन्ड दुधात तो ३ टक्के असतो, डबल टोन्डमध्ये १.५ टक्के, फुल क्रीममध्ये ६ टक्के. अनेक पिशव्यांतील दूध होमोजिनाइज केलेले असते, म्हणजे त्यातील स्निग्ध कण फोडून बारीक केलेले असतात. त्यामुळे दूध अधिक पांढरे दिसते आणि जाड साय धरत नाही. आईला मिळत होते ते टोन्ड दूध. डोंगरावरील गवताचा रंग, वास त्यात शोधूनही सापडला नसता. ‘पांढरं पाणी’ हे तिचे शब्द प्रयोगशाळेच्या भाषेत बसणारे नव्हते, पण तिच्या जिभेने टिपलेला फरक खरा होता. वयाबरोबर नाकाची आणि जिभेची धार कमी होते, हेही तितकेच खरे. म्हणून पूर्वीचा सुवास आज पूर्वीइतका जाणवणार नाही, हे तिच्या जवळच्या माणसांनी मनात ठेवावे, तिला ऐकवू नये.

जे बदलत नाही

आता दुसरी बाजू. आईला दूध द्यायचे होते ते प्रामुख्याने प्रथिने, कॅल्शिअम आणि बी-१२ जीवनसत्त्वासाठी. या तिन्हींवर चराईचा परिणाम अल्प असतो.

गाईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने साधारण ३.२ ग्रॅम असतात. गाईची जात, वेताचा काळ आणि पुरेसे खाद्य यांनुसार ती दशांशांत वरखाली होतात. आयरिश प्रयोगात आढळलेली वाढही अशाच मापाची होती. कॅल्शिअम १०० मिलिलिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅम असते आणि ते फार बदलत नाही. चाऱ्यात कमी पडले, तर गाय स्वतःच्या हाडांतून काढून दुधात घालते. बी-१२ कोटीपोटातील सूक्ष्मजीव तयार करतात, गाय मोकळी असो वा बांधलेली. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, तीही तशीच राहते. ज्यांना दुधाने गॅस वा जुलाब होतात, त्यांना चराईच्या दुधानेही होतील. त्यांच्यासाठी दही अधिक बरे. ड जीवनसत्त्व उन्हात फिरणाऱ्या गाईच्या दुधातही अत्यल्पच असते. त्यासाठी ‘प्लस एफ’ चिन्ह असलेले, अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळलेले पिशवीचे दूध उपयोगी. त्यात लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घातलेले असते. तरीही अर्ध्या लिटरने दिवसाच्या गरजेचा एक-पंचमांशच काय तो भागतो. उरलेले ऊन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याच्या गोळ्या यांवर सोपवावे लागते.

‘ए-टू’ या शब्दाचा चराईशी संबंध नाही, हेही येथे सांगावे लागेल. तो दुधातील एका प्रथिनाचा प्रकार आहे आणि गाईच्या आनुवंशिकतेवर ठरतो. देशी गाय गोठ्यात राहिली, म्हणून तिचे ए-टू जात नाही. संकरित गाय डोंगरावर चरली, म्हणून तिला ते मिळत नाही.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यावासा वाटतो. चराईच्या गाईचे दूध ‘शुद्ध’ म्हणून निरसे किंवा धारोष्ण प्यावे, असा आग्रह काही घरांत धरला जातो. आमच्या इमारतीतील एका गृहस्थांनी आईसाठी तसे सुचवलेही. ब्रुसेल्ला आणि क्षयाचे जंतू गवत पाहून गाय निवडत नाहीत. निरोगी दिसणाऱ्या गाईच्या दुधातूनही ते येऊ शकतात आणि वृद्धांना महिनोन्महिने ताप व सांधेदुखी देऊ शकतात. थेट गोठ्यातून आलेले दूध उकळूनच घ्यावे. उकळल्याने कॅल्शिअम, प्रथिने किंवा चराईने मिळालेली मेदाम्ले नाहीशी होत नाहीत. मात्र तेच दूध दिवसातून चार-चार वेळा उकळत राहू नये. बी-१२ सारखी जीवनसत्त्वे त्याने कमी होतात.

घरचा हिशोब

हे सारे कागदावर मांडून मी ताईला फोन केला. वृद्धांनी वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज किमान १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञ सुचवतात. आईसाठी ते ४६ ते ५५ ग्रॅम होते. अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा मिळतो आणि सोबत ६०० मिलिग्रॅम कॅल्शिअम. हे १६ ग्रॅम महाग बाटलीतून आले काय आणि पिशवीतून आले काय, स्नायूंना ते सारखेच. आणि त्या प्रथिनांचा स्नायू व्हायचा, तर व्यायाम हवा; म्हणजे फिजिओथेरपिस्टचे येणे थांबवून बाटली घेणे हा तोट्याचा व्यवहार ठरला असता.

ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पण तिने पेला उचलायला तर हवा!’ तिचा मुद्दा अचूक होता. पोषणाचे कोष्टक पेल्यात राहिले, तर त्याचा उपयोग शून्य. आईच्या तोंडाला दुधाची गोडी परत आणणे, हेही औषधच होते.

तेव्हा आमच्या बोलण्यातून एक साधी गोष्ट पुढे आली. चराईने दुधात जे बदलते, तो रंग, तो वास, ती मेदाम्ले, हे जवळजवळ सारे स्निग्धांशात असते. आणि स्निग्धांश वेगळा काढता येतो. त्याचेच नाव तूप. म्हणजे प्रथिने रोजच्या पिशवीतून घ्यावीत आणि डोंगरावरचे गवत तुपाच्या चमच्यातून. एक किलो तुपाला गाईचे २५ ते ३० लिटर दूध लागते, त्यामुळे ते स्वस्त नसते; पण रोज एक-दोन लहान चमचे लागणाऱ्या माणसाला अर्धा किलो कितीतरी दिवस पुरते. रोजच्या बाटलीपेक्षा हा खर्च पुष्कळच कमी होता.

आईच्या माहेरी अजून दोन गाई डोंगरावर जातात. मामेभावाने भाद्रपदात कढवलेले तूप पाठवले. रवाळ आणि पिवळेधमक. टोन्ड दुधाऐवजी, डॉक्टरांना विचारून, आम्ही फुल क्रीम दूध सुरू केले. वजन घटलेल्या आईला त्यातील उष्मांकही हवे होते. मात्र पेला भरून दूध देणे बंद केले. सकाळी दुधात शिजवलेला दलिया, दुपारी वाटीभर घट्ट दही, चार वाजता नाचणीची दुधातली पेज, रात्री कोमट दूध अर्धा पेला, असे अर्धा लिटर दूध दिवसभरात विभागले. गरम मऊ भातावर तुपाचा चमचा. पहिल्या दिवशी तिने भात कालवण्याआधी ताट जवळ ओढून वास घेतला आणि म्हणाली, ‘हे आपल्याकडचं आहे.’ मी म्हणालो, ‘हो आई, भाद्रपदातलं आहे.’ त्यानंतर तिने स्वतःहून त्या डोंगरावरच्या गवतांची नावे सांगितली. त्यांतील निम्मी मला ठाऊक नव्हती.

तीन महिन्यांत वजन ४८ किलोंवर आले. ती आता खुर्चीच्या हातांना न धरता उठते. याचे श्रेय एकट्या तुपाला किंवा एकट्या दुधाला देणे योग्य होणार नाही. व्यायाम, औषधे आणि मावशींची चिकाटी यांचा वाटा त्यात मोठा आहे.

काळजीवाहकांसाठी

वृद्धांची सेवा करणाऱ्या वाचकांनी या अनुभवातून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात, असे वाटते. घरच्या वृद्धाचे दूध बदलण्याआधी त्याचे वजन, खाण्याचे प्रमाण आणि आजार पाहावेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. हृदयविकार वा वाढलेले कोलेस्टेरॉल असल्यास फुल क्रीम दूध आणि तूप त्यांना विचारूनच द्यावे. मधुमेह असेल, तर दुधात साखर न घालता ते पेज, दही वा ताकातून द्यावे. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी आणि कॅरोटिनसाठी मेथी, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई हे दुधाहून कितीतरी समृद्ध मार्ग आहेत.

चराईचे दूध परवडत असेल, तर ते जरूर घ्यावे. चव चांगली लागते, गाय मोकळी राहते आणि डोंगरातल्या शेतकऱ्याला त्याच्या गवताचे मोल मिळते. पण घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : उन्हाळ्यात गाय काय खाते, हिरवी वैरण वर्षातून किती महिने मिळते आणि दूध काढल्यापासून थंड होईपर्यंत किती वेळ जातो. प्रामाणिक विक्रेता या प्रश्नांनी रागावत नाही. आणि परवडत नसेल, तर मनाला अपराध लावून घेऊ नये. साध्या पिशवीचे दूध आई-वडिलांना दिल्याने आपण त्यांच्या सेवेत उणे पडतो, असे मुळीच नाही. हाडांना आणि स्नायूंना जे हवे, ते त्या दुधात आहे.

वृद्ध माणूस जेव्हा म्हणतो, की दूध पूर्वीसारखे नाही, तेव्हा त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नसते. गवत बदलले, तसे दूधही खरोखर बदलले आहे. ही गोष्ट त्याच्या जिभेने आपल्या उपकरणांच्या आधी ओळखलेली असते. ते मान्य करावे, आणि मग शांतपणे वाटीभर दही पुढे ठेवावे. आपले म्हणणे कोणी तरी खरे मानले, एवढ्याने पुष्कळदा त्या वाटीतला पहिला घास घेतला जातो.